अकरा पायांचा नंदी

"नागपूरहून नंदी मागवायची काहीएक गरज नाही," नीलकंठराव पोहरकर म्हणाले. "लाकडाचं काम म्हणजे माझ्या हातचा मळ आहे."

हे त्यांनी चहाची बशी तोंडाशी नेता नेता म्हटलं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. चहा पिताना माणसानं कसलीही प्रतिज्ञा करू नये, कारण ती ऐकायला बायको आणि पोरं नेमकी समोरच बसलेली असतात. नऊ वर्षांच्या बेबीनं आणि सहा वर्षांच्या रत्नूनं ती ऐकली, आणि बाबांना मागे फिरायला वाट उरली नाही.

झालं होतं असं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लाकडाचा नंदी सजवायचा, दोरीनं ओढत दारोदार न्यायचा आणि खाऊ गोळा करायचा. जबलपुरात येऊन दोन पिढ्या झाल्या, पोरं भांडायला हिंदी वापरू लागली, तरी कारखान्याच्या क्वार्टरांतल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या मंडळींनी हा सण सोडला नव्हता. पोहरकरांच्या जुन्या नंदीला त्या पावसाळ्यात वाळवी लागली. बायकोचे, म्हणजे विभावरीबाईंचे, वडील रामराव नागपूरहून नवा घेऊन येणार होते. पण साल होतं पासष्ट. सीमेवर रोज काहीतरी घडत होतं, गाड्या जवानांनी भरून जात होत्या. जागा मिळत नाही, यंदा येणं जमत नाही, असं रामरावांचं पोस्टकार्ड आलं होतं.

पण नीलकंठरावांना टोचलेलं पोस्टकार्ड नव्हतं. टोचला होता तो बेबीचा प्रश्न. नळावर शेजारच्या जयाशी तिचं भांडण झालं होतं. बेबी म्हणाली होती, माझे बाबा तोफा बनवतात. त्यावर जया म्हणाली, तुझे बाबा काहीच बनवत नाहीत, माझे बाबा पेट्या बनवतात आणि तुझे बाबा त्यावर नुसत्या फुल्या मारतात. बेबी घागर तिथेच टाकून घरी आली आणि सरळ विचारती झाली, "बाबा, तुम्ही नक्की काय बनवता?"

आता जया म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. नीलकंठराव कारखान्यात परीक्षक होते. तोफगोळे ठेवायच्या लाकडी पेट्या दिवसाला तीनेकशे त्यांच्यासमोर यायच्या. हातात पत्र्याचं गेज. म्हणजे ठरलेल्या मापाच्या खाचा पाडलेली पट्टी. फळी खाचेत बसली तर पास, नाही बसली तर लाल खडूची फुली. फुलीचं एक टोक ते सवयीनं जरा वळवायचे, ती त्यांची सही. आणि फुली मारून झाली की सुताराकडे न बघता म्हणायचे, "दुरुस्त करून पुन्हा आणा, मग बघू." हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकलेला सुतार म्हणजे जयाचा बाप अंबादास. चौदा वर्षं नीलकंठरावांनी लाकूड मोजलं होतं. कापलं मात्र एकदाही नव्हतं.

हे पोरीला कसं सांगायचं? बापाची किंमत पोरांच्या डोळ्यांत असते, आणि ते डोळे त्या वेळी अगदी रोखून बघत होते. म्हणून नंदी. तोही पोरांना सोबत घेऊन, शिकवत शिकवत. तान्ह्या पोळ्याला चार दिवस होते.

रविवारी ते कमानिया गेटच्या बाजाराला गेले आणि करवत, रंधा, पटाशी, कानस आणि सागाचा भलामोठा तुकडा घेऊन आले. विभावरीबाईंनी ते सामान बघून, अहो, नंदी करून राहिले की घर बांधून राहिले, एवढंच विचारलं. नीलकंठरावांनी पटाशीची धार अंगठ्यानं चाचपली. मोठ्या कामाच्या आधी किरकोळ चौकशीला उत्तर द्यायचं नसतं.

पोरं करवतीवर झडप घालायला टपलेलीच होती. पण बाबांनी करवत उचलून कपाटावर ठेवली आणि खाकी कागद पसरला. आधी आराखडा. नंदीची लांबी, वशिंडाची उंची, पायाची जाडी, सगळं इंचात आणि इंचाच्या सोळाव्या भागात. शिंगांच्या वळणासाठी त्यांनी वाटी उपडी ठेवून रेघ मारली. दुपार झाली. रत्नूनं तीनदा विचारलं, करवत कधी? बाबा तीनदा म्हणाले, आधी माप.

मग त्यांनी पोरांना गेज करून दिलं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला खाचा पाडल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक दिलं, वर लाल खडूचा तुकडा दिला. बसलं तर सोडून द्यायचं, नाही बसलं तर फुली. टोक असं वळवायचं. पोरं खूष झाली. एवढी खूष झाली की नीलकंठरावांना आपण जन्मजात शिक्षक आहोत असं वाटायला लागलं, आणि त्या दिवशी सुतारकामाचा पहिला धडा करवतीला हात न लावता संपला.

सोमवारी कामावरून परतल्यावर प्रत्यक्ष पाय कापायला घेतले. करवत ही वस्तू बाहेरून दिसते तेवढी समंजस नसते. रेघेवर सुरू होते आणि मधेच तिच्या मनात काहीतरी वेगळंच येतं. पहिला पाय वरून जाड आणि खालून बारीक निघाला. नीलकंठरावांनी तो गेजमध्ये घातला, बसेना. हात आपोआप खडूकडे गेला. फुली! दुसरा पाय बसला, पण नुसता बसला नाही, आत खुळखुळला. फुली! तिसरा बेबीनं कापला. बाबांनी लाकूड धरलं होतं, तिनं जीभ बाहेर काढून करवत ओढली, आणि खरं सांगायचं तर तिचा पाय बाबांच्या दोन्हींपेक्षा सरळ होता. पण इंचाचा सोळावा हिस्सा आखूड होता.

"बाबा, एवढंसं तर कमी आहे," बेबी म्हणाली.

"एवढंसं कमी म्हणजे कमीच," नीलकंठराव म्हणाले आणि फुली मारली. चौदा वर्षांची सवय, बिचाऱ्यांचा इलाजच नव्हता.

मंगळवारपर्यंत ही मापाची अस्वस्थता सगळ्या घरात भरली. कारखान्यात जादा काम, पेट्या दुपटीनं हव्या. घरी आलं की नंदी. नीलकंठराव जेवताना वरणातल्या भाताचा पाय करून बघायचे. रत्नूनं एका पायाला घासकागद मारत पूर्ण संध्याकाळ घालवली, घासून घासून तो लाटण्यासारखा गुळगुळीत केला आणि दोन्ही हातांवर ठेवून बाबांपुढे आणला. बाबांनी गेज लावलं. बराच बारीक झाला होता. त्यांनी फुली मारली आणि, तोंडातून निघूनच गेलं, "दुरुस्त करून पुन्हा आणा, मग बघू."

रत्नू रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो पाय उचलून टोपलीत टाकला, खडू खिशात घातला आणि अंगणात निघून गेला. टोपलीत तोवर अकरा पाय जमले होते. अकराही फुलीचे. नंदीचं धड मात्र कसंबसं झालं होतं, ते कोपऱ्यात पोटावर बसून होतं. आणि सागाचा तुकडा संपला होता.

बुधवारी पोळा. नीलकंठराव पहाटेच कारखान्यात गेले, दिवसभर घरी कुणी शिकवायला नाही. पण शिकवलेलं होतंच की! पोरांनी गेज काढली आणि तपासणी सुरू केली. आधी स्वयंपाकघर. पुरणपोळीची कड पुठ्ठ्याला लावून रत्नूनं आईला सांगितलं की ही गोल नाही. विभावरीबाईंनी लाटणं उगारलं तेव्हा तपासणी घराबाहेर गेली. बाहेर चोवीस क्वार्टरं होती, प्रत्येकाला दार, दाराला कडी, कडीला माप.

संध्याकाळी नीलकंठराव परतले तेव्हा क्वार्टरांच्या ओळीत ही गर्दी. दूधवाला नथ्थू सायकल धरून मधोमध उभा होता. सगळ्यात आधी त्यानं बघितलं होतं आणि बघितल्यापासून प्रत्येक दारात जाऊन सांगितलं होतं. "साहब, निसान लगा गया कोई. एक-एक दरवाजे पे. लाल."

खरंच होतं. दारोदारी लाल फुल्या. त्या दिवसांत माणसं तशीही बावरलेली. कुणी म्हणे, दुश्मनाचे हेर आधी घरं हेरून जातात. कुणी म्हणे, छे, फौजेला क्वार्टरं हवी आहेत, फुलीवाल्यांना उद्या बाहेर काढणार. एका घरात तर ट्रंका भरून झाल्या होत्या. गुणवंत ढोबळे नावाचे गृहस्थ हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तासाठी नुकतेच वस्तीचे वॉर्डन झाले होते; दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टी वाजवायचा प्रसंग अजून आला नव्हता म्हणून जरा हिरमुसलेले. त्यांना आज सोन्याचा दिवस उगवला होता.

"पोहरकरसाहेब, बरे भेटले," गुणवंत म्हणाले. "तुम्ही निशाण्यांमधले जाणते. पाहा बरं. सगळ्या फुल्या एका मापाच्या. हे कोण्या उनाडाचं काम नाही, शिकून आलेल्या माणसाचं आहे."

नीलकंठराव वाकले. फुलीचं एक टोक जरा वळवलेलं होतं.

जे समोर होतं ते चौदा वर्षं त्यांच्या हातानं उतरत होतं. फक्त कडीपासून हातभर खाली, सहा वर्षांच्या पोराचा हात पोचेल तिथं. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण समोर अख्खी ओळ उभी, त्यात अंबादास, त्याची जया. माझ्या पोरांना मी सुतारकाम शिकवलं आणि ती हे शिकली, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"म्युनिसिपालटीचं काम असेल," ते म्हणाले.

"म्युनिसिपालटी काहून एवढं मापात काम करते बाप्पा?" गुणवंत म्हणाले.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चोवीसपैकी तेवीस दारांवर फुल्या आहेत. एकाच दारावर नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू पोहरकरांच्या दाराकडे वळल्या आणि तिथून पोहरकरांकडे आल्या. त्याचं कारण अगदी साधं होतं, त्या दारामागे विभावरीबाई लाटणं घेऊन बसल्या होत्या. पण हे गर्दीला कुठून ठाऊक? नीलकंठरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. तोफगोळ्यांच्या कारखान्यातली नोकरी, लढाईचे दिवस आणि आपलंच दार तेवढं कोरं! गुणवंत आवाज उतरवून म्हणाले की आता ह्याची वर्दी सिविल लाइंसच्या कचेरीत द्यावी लागेल, आपला नाइलाज आहे. आणि आयुष्यातली पहिली शिट्टी फुंकायला त्यांनी शिट्टी तोंडाकडे नेली.

ती तोंडापर्यंत पोचली नाही. खालून कुणीतरी तिची दोरी धरली होती.

रत्नू होता. मागे बेबी, हातात वही. रत्नूनं शिट्टी पुठ्ठ्याच्या खाचेला लावली, फिरवली, परत लावली. मग मान हलवली, खिशातून खडू काढला आणि वॉर्डनसाहेबांच्या दंडावरच्या पांढऱ्या पट्टीवर शांतपणे फुली मारली. टोक वळवलं. बेबीनं वहीत नोंद केली.

नीलकंठरावांनी डोळे मिटून घेतले आणि सगळं कबूल केलं. नंदी, गेज, खडू, अकरा पाय. सांगता सांगता आवाज इतका खाली गेला की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं. हसू आधी नथ्थूला फुटलं, मग सगळ्यांना. गुणवंत तेवढे हसले नाहीत, ते पट्टी झटकत होते.

अंबादास स्वतःच्या दारापाशी गेला. तिथं तीन फुल्या होत्या. कडीला एक, बिजागरीला एक, उंबऱ्याला एक.

"साहेब," तो म्हणाला, "दिवसभर तिथं रिजेक्ट होतो. घरी तरी पास होऊ द्या."

नीलकंठरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण अंबादासच्या बोलण्यात विखार नव्हता. त्यानं विचारलं, ते अकरा पाय कुठं आहेत? बघू तर द्या. टोपली आली. त्यानं एकेक पाय उचलून बोटांनी चाचपला, रत्नूचा गुळगुळीत पाय गालाला लावून बघितला आणि म्हणाला की ह्यातून चार निघतात, उद्या माझी रात्रपाळी आहे, सकाळी पोरांना माझ्याकडे धाडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी आधी ओल्या फडक्यानं तेवीस दारं पुसली, मग अंबादासच्या अंगणात जाऊन बसली. नीलकंठराव दुपारपर्यंत कारखान्यात होते, अंगणात काय झालं ते त्यांनी बघितलं नाही. दोन तासांची सुटी काढून घरी आले तर दारात नंदी उभा! तीन पाय साधारण सारखे, चौथा रत्नूचा, सडपातळ. पाटावर बसवलेला, पाटाखाली विभावरीबाईंच्या शिवणाच्या रिकाम्या रिळांची चाकं. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. ओढला की किंचित डावीकडे झुकायचा, एखादा म्हातारा सावकाश चालतो तसा. नीलकंठरावांचा हात खिशातल्या गेजकडे गेला. त्यांनी तो मोठ्या कष्टानं बाहेर काढला, रिकामा. ह्या गृहस्थांनी आयुष्यात एवढं अवघड काम दुसरं केलं नसेल.

निघताना त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला आणि वहाणा घालायला उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात रत्नू मागून येऊन पाठीला बिलगला. बराच वेळ बिलगून होता. नीलकंठरावांना भरून आलं. पोरानं माफ केलं म्हणायचं.

वडाखाली तोरण बांधलं होतं, पंधरा-वीस नंदी रांगेत उभे होते. शाळेचे दिवाकर मास्तर एकेकापुढे थांबून चौकशी करत होते. पोहरकरांच्या नंदीपाशी येऊन त्यांनी विचारलं, कुणी केला? बेबीनं सांगितलं, पाय मी आणि रत्नूनं कापले, अंबादासकाकांनी बसवले, रंग जयानं दिला. आणि बाबांनी? मास्तरांनी विचारलं.

चार दिवसांची सगळी यातायात ह्या एका प्रश्नापायी होती. जया शेजारीच उभी होती.

"बाबा बनवत नाहीत," बेबी म्हणाली. "बाबा तपासतात. अंबादासकाका म्हणाले, पेटीला एक फट राहिली तर आतला गोळा ओला होतो, अन् ऐन वेळी फुटत नाही. मग तिकडच्या शिपायानं काय करायचं? म्हणून बाबा काकांना परत पाठवतात. काकांना राग येतो, पण पेटी चांगली होते."

नीलकंठरावांनी अंबादासकडे बघितलं. अंबादास नंदीच्या शिंगाची बेगड नीट करण्यात गुंतला होता. चौदा वर्षांत त्यांना हे कधी सुचलं नव्हतं की फुली खाणारा माणूस फुलीची बाजू घेईल. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग नंदी दारोदार निघाला. पुढे पोरं, मागे नीलकंठराव ताठ मानेनं. त्या दिवशी लोक त्यांच्याकडे काय कौतुकानं बघत होते! पुढे गेले की मागून हसरे चेहरे. बायका पदर तोंडाला लावत होत्या. गुणवंत ढोबळे तर इतके खुलले की त्यांनी पोरांना ओंजळभर शेंगदाण्याचे लाडू दिले. माणसाचं मन मोठं असलं की जग आपोआप गोड होतं, असं काहीसं नीलकंठराव मनाशी जुळवत घरी पोचले.

विभावरीबाईंनी दार उघडलं, त्यांना आत येऊ दिलं आणि ते वळल्यावर मटकन खालीच बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सदरा काढून बघितला तर पाठीवर, बरोबर मध्यावर, वीतभर लाल फुली. टोक व्यवस्थित वळवलेलं.

"रत्नू," नीलकंठराव म्हणाले, "हे काय आहे?"

रत्नू लाडू खात होता. त्यानं घास संपवला, कारण तोंडात घास असताना बोलायचं नाही हेही बाबांनीच शिकवलेलं होतं.

"तुम्हाला एकही पाय जमला नाही ना," तो म्हणाला. मग बाबांकडे न बघता, दुसरा लाडू निवडत, "दुरुस्त करून पुन्हा आणा, मग बघू."

पुढच्या रविवारी सकाळी अंबादासच्या अंगणात करवत शिकायला चौघं बसली होती. जया, बेबी, रत्नू आणि टक्कल पडलेले एक गृहस्थ. त्या चौघांत सगळ्यात जास्त वेळा कुणाचं लाकूड परत गेलं, ते नीलकंठराव आजतागायत कुणाला सांगत नाहीत.